साठ साचे आणि शेळीचं चीज

साकीनाक्याच्या माझ्या गाळ्यात पत्र्याची कामं होतात. स्टीलचा पत्रा कापायचा, वाकवायचा, वेल्डिंग करायचं आणि पॉलिश मारून चकाचक करून द्यायचं. मिठाईवाल्यांचे ट्रे, ढोकळ्याची भांडी, इडलीचे स्टँड, हॉस्पिटलातल्या त्या राजम्याच्या आकाराच्या थाळ्या, सगळं केलंय. एकदा एका जादूगाराला दुहेरी तळाची पेटीही करून दिली होती. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकानं कुरकुर केली असेल, पण माल परत आला असं झालं नव्हतं.

त्या ऑक्टोबरात आला. दोन पोती भरून आला.

माल परत आणणारी बाई पस्तिशीची असेल. बँकेतली नोकरी सोडून तिनं मरोळला एक छोटी जागा घेतली होती आणि तिथं ती शेळीच्या दुधाचं ताजं चीज करायची. शहापूरच्या पुढे कुठेतरी शेळ्यांचा फार्म होता, तिथून रोज सकाळी दूध यायचं. बाहेरून मागवलेले तिचे प्लॅस्टिकचे साचे गरम पाण्यानं धुऊन धुऊन तडकले होते. म्हणून ती पावसाळ्यात माझ्याकडे आली, एक जुना साचा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "असे साठ हवेत, स्टीलचे."

मी साचा हातात घेऊन फिरवून पाहिला. खाली निमुळता होत गेलेला एक ग्लास आणि त्याला बारीक बारीक भोकं.

"ग्लासाला भोकं पाडायची, एवढंच ना मॅडम?"

"एवढंच," ती म्हणाली. तेव्हा ती जरा थांबून म्हणाली होती, हे मला नंतर आठवलं.

आता माझं काय झालं, तर मी त्यात सुधारणा केली. भोकं फारच बारीक वाटली, म्हणून मोठी केली. पाणी भराभर निथळेल, बाई खूश होईल. निमुळता आकार करायला वेळ जातो आणि पत्रा वाया जातो, म्हणून सरळ नळकांडं केलं. तिला विचारलं नाही. मला वाटलं, आपण हिच्यावर उपकारच करतोय. आतून बाहेरून असं पॉलिश मारलं की त्यात चेहरा दिसावा.

दोन पोत्यांबरोबर तिनं एक भरलेला साचाही आणला होता. माझ्यासमोर तिनं तो बशीत उपडा केला आणि वर थोपटलं. अर्धं चीज बशीत पडलं, अर्धं आतच चिकटून राहिलं. बशीत पडलेलंही असं फाटलेलं की कुणीतरी दातांनी तोडल्यासारखं दिसत होतं.

"घट्ट झालं नसेल अजून," मी म्हटलं. "जरा दाबून भरायला हवं."

"काका, हे दाबत नाहीत."

"मग पाणी जास्त राहिलं असेल."

तिनं साचा बाजूला सारला. मग म्हणाली, "काका, तुम्ही कधी खाल्लंय का हे?"

"नाही."

"मग आधी खा." तिनं पिशवीतून एक डबी काढून टेबलावर ठेवली. "डिसेंबरात एका मोठ्या हॉटेलचे मुख्य शेफ माझ्याकडे चव बघायला येणार आहेत. तोपर्यंत मला साचे पाहिजेत. तुम्ही करताय, की मी दुसरं कुणी शोधू? स्पष्ट सांगा ना."

"मीच करणार," मी म्हटलं. कान तापले होते माझे.

डबी घेऊन मुलुंडला घरी आलो. बायकोनं पिशवी उघडली, डबीचं झाकण काढलं आणि हात लांब धरला. ती मूळची मालवणकडची. एरवी माझ्याशी नीट मुंबईचं मराठी बोलते, पण वैतागली की गावाकडची भाषा बाहेर येते.

"ह्या काय हाडलात?"

"चीज आहे. शेळीच्या दुधाचं."

"बोकडाचो वास येता." तिनं झाकण घट्ट लावलं. "माझ्या फ्रीजमध्ये नको. कोलंबीला वास लागेल."

"मटण खातेस ना बोकडाचं? ते चालतं?"

"मटणाची गोष्ट वेगळी. मटणाला मी वाटण लावते."

शेवटी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून ती डबी फ्रीजच्या दारात ठेवायची परवानगी मिळाली. जेवण झाल्यावर मी चमच्यानं थोडं खाऊन पाहिलं. खरं सांगायचं तर आवडलं नाही. आधी आंबट लागलं, मग थोडं खारट, आणि मग घशाच्या मागच्या बाजूला तो वास. पण जिभेवर ठेवलं तसं ते विरघळलं, आणि मी चमचा हातात धरून तसाच बसून राहिलो. मी साचे करताना डोळ्यांपुढे पनीर धरलं होतं. पांढरा, घट्ट, सुरीनं कापता येणारा ठोकळा. हे तर चक्क्यासारखं होतं. श्रीखंडासाठी फडक्यात बांधून ठेवलेला चक्का असतो ना, तसं मऊ. याला मी तीन मिलिमीटरची भोकं पाडून दिली होती!

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन केला. म्हटलं, मला एकदा करताना बघू द्या. त्या म्हणाल्या, काम चालू असताना बाहेरच्या कुणाला आत घेत नाही, पण घरी करून बघा. संध्याकाळी मी मरोळला गेलो, तेव्हा त्यांनी मला दारातच विरजणाच्या पावडरीची एक पुडी आणि दूध गोठवायच्या थेंबांची छोटी बाटली दिली, कागदावर सगळी कृती लिहून दिली. "थेंब शाकाहारी आहेत, वासराच्या जठरातले नाहीत, काकूंना सांगा," असंही म्हणाल्या. काकूंची अडचण ती नव्हती, पण मी मान हलवली.

"आणि दूध?"

"दूध तुम्ही शोधा काका. माझं मलाच पुरत नाही."

दुधाचा पत्ता मला माहीत होता. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी पाडा आहे, तिथं एक म्हातारी शेळ्या पाळते. डेंग्यूची साथ येते तेव्हा आमच्या बिल्डिंगमधली माणसं सकाळी सकाळी तिच्या दारात बाटल्या घेऊन उभी असतात. शेळीचं दूध डेंग्यूवर चांगलं असं कुणीतरी सांगितलेलं असतं. एरवी तिच्याकडे कुणी फिरकत नाही. मी गेलो तेव्हा ती अंगणात बसून शेळ्यांना फणसाची पानं घालत होती.

"कोण आजारी हाय?" मला बघताच तिनं विचारलं.

"कुणी नाही आजी."

"मग दूध कशाला?"

"चीज करायचंय."

"त्या पावाला लावतात ते?"

"साधारण तसंच."

"बकरीच्या दुधाचं?" ती इतकी हसली की तिच्या मांडीवरून पानं खाली पडली. एक शेळी लगेच पुढे आली आणि तिनं ती खाल्ली.

मी तिला वासाचं सांगितलं. माझी बायको डबी फ्रीजमध्ये ठेवू देत नाही म्हणालो. म्हातारी एकदम गंभीर झाली. तिच्या दुधाबद्दल कुणी काही बोललं असं तिला वाटलं असावं.

"माझ्या दुधाला वास नाय," ती म्हणाली. "बोकड जवळ बांधला का दुधाला वास लागतो. माझ्याकडे बोकडच नाय. दुसरं, दूध काढलं का लगेच थंड करायचं. लोकं तसंच गरम घेऊन फिरतात आन मग बकरीला नावं ठेवतात." तिनं मला डबा घेऊन दुसऱ्या दिवशी सहाला यायला सांगितलं. "बर्फ घेऊन ये," ती मागून ओरडली.

मी बर्फ घेऊन गेलो. म्हातारीनं दूध काढलं, गाळलं, मी डबा बर्फात बसवला आणि रिक्षानं घरी आलो. ओट्यावर ठेवून अंघोळीला गेलो. बाहेर येऊन बघतो तर बायकोनं ते दूध मस्त उतू जाईपर्यंत उकळलं होतं.

"अगं, हे काय केलंस?"

"काय केलं? दूध आलं की तापवायचं नाही?"

कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, दूध अर्धा तास पासष्ट अंशावर ठेवायचं, उकळू द्यायचं नाही. उकळलेलं दूध नीट गोठत नाही. मी तरी थेंब घालून बघितले. दुसऱ्या दिवशी पातेल्यात ताकासारखं काहीतरी झालं होतं. बायकोनं त्याची कढी केली. कढी चांगली झाली होती, पण मी ते बोललो नाही.

दुसऱ्या वेळी दूध मी स्वतः तापवलं. गाळ्यातून तापमान मोजायचा डिजिटल मीटर घरी आणला, त्याची वायर पातेल्यात सोडली आणि गॅससमोर स्टूल टाकून बसलो. बायको दारात उभी राहून बघत होती. चाळीस-पन्नास पाहुण्यांचा स्वयंपाक एकटीनं काढणारी बाई ती. वायर घातलेलं दूध बघून तिनं कपाळावर हात मारला. दूध निवलं, विरजण घातलं, थेंब घातले, झाकून ठेवलं. पण ऑक्टोबर होता, स्वयंपाकघरात बत्तीस-तेहेतीस अंश. वीस तास ठेवायचं होतं, ते दहा तासांतच आंबून फुटलं. दाणे दाणे झाले, वर पिवळट पाणी.

तेव्हा मी ठरवलं की पातेलं बेडरूममध्ये ठेवायचं आणि एसी लावायचा.

"चीजाला एसी!" बायको म्हणाली. "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. मी तव्यापुढे घामाघूम होते, मला कधी विचारलंत? आणि ह्या चीजाला एसी!"

"तूही जाऊन बस ना त्याच्याबरोबर."

मी चिडून म्हणालो, पण ती खरंच गेली. भाजी निवडायची परात घेऊन ती एसीत जाऊन बसली, त्या पातेल्याशेजारी. मला वाटतं, तिथंच काहीतरी बदललं. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आधीच तिनं झाकण काढून बघितलं होतं. मला हलवून म्हणाली, "उठा. लागलंय."

पातेल्यात दूध पांढऱ्याशुभ्र खरवसासारखं थरथरत होतं. कडेनं स्वच्छ पाणी सुटलं होतं. तिनं नाक जवळ नेलं. आता ही काय म्हणते म्हणून मी श्वास रोखून उभा.

"वास नाही," ती म्हणाली. पुन्हा नाक नेलं. "खरंच नाही हो."

आम्ही दोघांनी मिळून ते डावानं अलगद साच्यांत भरलं, माझ्याच त्या परत आलेल्या साच्यांत. ताटात जाळी ठेवून त्यावर ते उभे केले. भोकांतून पाण्याबरोबर पांढरं दहीही बाहेर यायला लागलं, शेवेच्या साच्यातून शेव यावी तसं. बायकोनं ते दही ताटातून चमच्यानं गोळा करून वाटीत काढलं. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी साचा उपडा केला. अपेक्षेप्रमाणे फाटलं. पण या वेळी मी चमच्यानं एक बाजू सोडवून चीज उजेडात धरलं, आणि मला माझी चूक दिसली. चीजाच्या अंगावर सगळीकडे बारीक गुठळ्या उठल्या होत्या, अंगावर पुरळ यावं तशा. प्रत्येक भोकात चीज शिरून तिथं घट्ट झालं होतं. शेकडो गुठळ्यांनी ते साच्याला धरून ठेवलं होतं. त्यात भिंत सरळ, म्हणजे खाली सरकतानाही प्रत्येक गुठळी पुढच्या भोकात अडकणार. मी ज्याला सुधारणा समजलो होतो त्या दोन्ही गोष्टींनीच वाट लावली होती. बाईंनी दाखवलेला तो प्लॅस्टिकचा साचा कुणीतरी हेच सगळं भोगून बनवला होता.

मी बनियनवरच मुलुंडहून साकीनाक्याला निघालो असतो. बायकोनं शर्ट घालायला लावला.

गाळ्यात मी चार तऱ्हेचे नमुने केले, प्रत्येक तऱ्हेचे पाच. भोकं दीड मिलिमीटरपर्यंत खाली आणली. भोक पाडायचा पंच आतल्या बाजूनं बाहेर मारला, म्हणजे भोकाची जी बारीक धार उठते ती बाहेर राहते आणि चीजाला आत फक्त गुळगुळीत पत्रा लागतो. भिंतीला उतार दिला, एकाला कमी, एकाला जास्त. एकाच्या तळाला गोलाई ठेवली. प्रत्येकावर खिळ्यानं खूण केली आणि संध्याकाळी घरी नेले. आता दूध आणायला बायको माझ्याबरोबर यायची. म्हातारीनं आणि तिनं पहिल्याच दिवशी शेळ्यांच्या चाऱ्यावरून गप्पा सुरू केल्या, त्यात मला कुणी घेतलं नाही.

आणि फाटलेलं चीज घरात साठत होतं. ते टाकून देणं बायकोला शक्यच नव्हतं. सुरुवातीला तिनं ते तांदळाच्या गरम भाकरीवर पसरलं, वर मीठ आणि ठेचलेली हिरवी मिरची. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला, आणि त्या पहिल्या रात्री चमच्यानं खाल्लेलं ते हेच का, असा प्रश्न पडला. गरम भाकरीवर ते नुसतं ओलसर लोणी होऊन पसरलं होतं, आंबटपणा मिरचीला जाऊन मिळाला होता. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. तिनं स्वतः उभ्यानंच अर्धी खाल्ली, मग बसली आणि आणखी दीड खाल्ली.

"बरा लागता," ती म्हणाली. तिच्याकडून याहून मोठं कौतुक नसतं.

मग ती सुटलीच. भोपळ्याच्या फुलांत चीज भरून तांदळाच्या पिठात बुडवून तळलं. घावनात घातलं. गूळ-खोबऱ्यात मिसळून करंज्या केल्या, त्या मात्र फुटल्या. आणि मग एक दिवस तिनं गॅसवर वांगी भाजली. भरितात ती नेहमी दही घालते. दह्याच्या जागी तिनं चीज घेतलं. वांगं गरम असताना घातलं तर ते विरघळून गेलं, म्हणून दुसऱ्या वेळी वांगं कोमट होऊ दिलं आणि चीज हातानं मोठं मोठं मोडून वर टाकलं. मग डब्यातून तिरफळं काढली. तिरफळ आमच्याकडे बांगड्याच्या तिखल्यात, त्या तिखट-आंबट कालवणात पडतं. त्यातली काळी बी फेकून तिनं सालं तव्यावर भाजली, जाड्या मिठाबरोबर खलात कुटली आणि ती पूड चीजावर भुरभुरली.

"तिरफळ? ह्याच्यावर?" मी विचारलं.

"गप रवा. खाऊन बघा."

मी खाल्लं. वांग्याचा धूर, त्यात थंड आंबट चीज, आणि वरून तिरफळाचा तो लिंबाच्या सालीसारखा वास आणि जिभेला येणाऱ्या मुंग्या. मी भाकरीनं ताट पुसून घेतलं आणि ताट पुढे केलं.

त्याच आठवड्यात तिसऱ्या खुणेच्या साच्यातून चीज अखंड बाहेर आलं. मी साचा उपडा केला, वर टिचकी मारली, आणि ते आपोआप सरकून बशीत बसलं. कडा शाबूत, अंगावर नुसते बारीक ठिपके. दुसरा उपडा केला, पुन्हा तसंच. त्या खुणेच्या पाचही साच्यांतून तसंच. बायकोला हाक मारली, शेजारच्या काकांना हाक मारली, बशी घेऊन मी दारात उभा. शेजारच्या काकांना त्यात बघण्यासारखं काय आहे ते समजलं नाही, पण त्यांनी अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा त्यातलं एक आम्ही म्हातारीसाठी नेलं. तिनं ते तळहातावर घेतलं, नाकाशी नेलं, मग बोटानं थोडं काढून तोंडात घातलं. बराच वेळ चघळत राहिली.

"हे माझ्या बकरीचं?"

"तुमच्याच बकरीचं."

ती उठली आणि पाड्यातल्या घराघरांतून हाका मारत गेली. बायका, माणसं, सगळे जमले. प्रत्येकाच्या हातावर तिनं चिमूट चिमूट ठेवलं आणि प्रत्येकाला सांगितलं, "वास बघ. येतो का वास? बघ ना!" माझ्या बायकोचा हात तिनं घट्ट धरून ठेवला होता.

मी साठ साचे पुन्हा केले. या वेळी एकही पत्रा मी दुसऱ्याच्या हातात दिला नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते मरोळला पोहोचवले, बाईंनी चार दिवस वापरून बघितले आणि फोन केला. म्हणाल्या, "काका, एकही फाटलं नाही. रविवारी हॉटेलवाले येतायत, तुम्ही या ना. आणि काकूंचं ते भरीत, तुम्ही सांगत होतात ते, थोडं आणाल?"

मी फोनवर भरिताबद्दल इतकं बोललो होतो हे मला आठवत नव्हतं.

रविवारी बायको पहाटेपासून वांगी भाजत होती. भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्या, भरीत डब्यात, तिरफळाची पूड काचेच्या बाटलीत, चीज घालायचं तिथं पोहोचल्यावर. तिनं जांभळी साडी नेसली होती. रिक्षात डबा मांडीवर घेऊन बसली आणि मरोळ येईपर्यंत झाकण घट्ट आहे का ते चाचपत राहिली. घाबरली होती. मीही.

शेफ चांगले उंचपुरे, रुंद होते, त्यांच्याबरोबर दोघं होते. बाईंनी टेबलावर साचे रांगेनं मांडले. मग त्यांच्यासमोर एकेक उपडा करत गेल्या. टिचकी, आणि बशीत चीज. टिचकी, आणि चीज. बारा बशा, बारा स्वच्छ पांढरे मनोरे. शेफनी एक साचा उचलून आत बोट फिरवलं, खिडकीकडे धरून पाहिला.

"ये कहाँ से मंगाया? फ्रान्स?"

"साकीनाका," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मी आजवर हजारो भांडी केली. कोण वापरतं, त्यात काय शिजतं, मी कधी विचारायला गेलो नाही. त्या दिवशी त्या माणसानं माझा हात हातात घेऊन हलवला तेव्हा माझी छाती इतकी भरून आली की मी नुसता "थँक्यू, थँक्यू" म्हणत राहिलो.

त्यांनी चीज नुसतं खाल्लं, टोस्टवर खाल्लं, मान डोलावली, आपसांत बोलले. मग बाईंनी भरिताचा डबा पुढे केला. बायकोनं त्यांच्यासमोर चीज मोडून घातलं आणि पूड भुरभुरली. शेफनी काटा घेतला, तेव्हा ती म्हणाली, "काट्यानं नको. भाकरीनं खा." मराठीतच म्हणाली. त्यांनी मुकाट्यानं काटा ठेवला आणि भाकरी मोडली.

पहिला घास खाऊन ते थांबले. दुसरा घेतला. मग बाटली उचलून वास घेतला, पूड जिभेला लावली आणि डोळे मोठे केले.

"आंटी, ये क्या है?"

"तिरफळ."

त्यांनी ऐकलेलं नव्हतं. वीस वर्षं जगभरची किचनं पाहिलेला तो माणूस, आणि मालवणच्या प्रत्येक घरातल्या डब्यात असतं ते त्याला ठाऊक नव्हतं! त्यांनी वही काढली आणि रेसिपी सांगा म्हणाले.

"लिहून काय समजणार?" बायको म्हणाली. "इथं गॅस आहे का?"

मागच्या बाजूला एक शेगडी होती. तिनं पिशवीतून उरलेलं एक वांगं काढलं, तेल लावलं आणि मोठ्या हॉटेलच्या त्या मुख्य शेफला शेगडीसमोर उभं केलं. ते वांगं फिरवत होते आणि ही शेजारी उभी राहून हात करून सांगत होती, "अजून. अजून काळं होऊ द्या. घाई नको." सोलताना त्यांचा हात भाजला, त्यांनी नळ सोडला, तेव्हा ही ओरडली, "पाण्याखाली नको! धूर सगळा धुऊन जाईल." मी भाषांतर करत होतो, पण त्यांना भाषांतराची गरज उरली नव्हती. बाकीचे दोघं मोबाइलवर शूट करत होते. चीजवाल्या बाई भिंतीला टेकून हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

निघताना शेफ म्हणाले, चीज तर घेतोच, पण तिरफळ लावलेलं वेगळं हवं, आणि ती पूड आंटीच्या हातचीच. बाईंनी तिथल्या तिथे होकार दिला. मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "काकू, कराल ना?"

"बघू," ती म्हणाली, पण मी तिला ओळखतो.

सगळे गेल्यावर आम्ही तिघं तिथंच खाली बसलो आणि उरलेलं भरीत, उरलेलं चीज, शेवटची भाकरीसुद्धा संपवली. खाता खाता बायकोनं डाव्या हातानं मोबाइल घेतला आणि मालवणला बहिणीला फोन लावला.

"गो, दोन किलो तिरफळा धाडून दी," ती मोठ्यानं सांगत होती. "नाय गो, माशांका नाय. चीजाक व्हयी. शेळयेच्या दुधाचा. हसतस कित्याक? हाटेलवाले मागतत माझ्याकडसून!"